पशुवैद्यकांचा वर्ग रात्री आठनंतर भरवा

‘शेळीची लस माझ्या गायीला कशाला टोचता?’ 2022 च्या पावसाळ्यात हा प्रश्न खानदेशातल्या गोठ्यागोठ्यात विचारला गेला. त्या वर्षीच्या लम्पीच्या साथीची राज्यातली पहिली नोंद 4 ऑगस्टला आपल्याच रावेर तालुक्यात, चिनावलला झाली. हाताशी लस होती ती शेळ्यांच्या देवीची. दोन्ही रोगांचे विषाणू एकाच कुळातले, म्हणून ती गायीलाही चालते. उत्तर एवढंसं आहे; पण अंगभर गाठी आलेल्या बैलाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते पटवायचं, तर डॉक्टरला ते आधी पक्कं ठाऊक हवं. भारतात हा रोग प्रथम 2019 मध्ये ओडिशात नोंदवला गेला. त्याआधी पदवी घेतलेल्यांना आपल्या गोठ्यांत तो शिकायला मिळणार तरी कसा?

पदवीनंतर औषधंही बदलतात. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006 मध्ये बंदी आली, कारण ते टोचलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकही बंद झाली. दुखण्यावर गिधाडांना न मारणारं मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. ही माहिती तालुक्याच्या दवाखान्यात वेळेवर पोहोचली नाही, तर कायदा कागदावरच राहतो.

म्हणून पशुवैद्यकांचं ऑनलाइन प्रशिक्षण मला खानदेशासाठी फार मोलाचं वाटतं. पशुविज्ञान विद्यापीठ नागपूरला; धुळ्याहून पाचशे किलोमीटरच्या आसपास. दोन दिवसांच्या शिबिराला डॉक्टर गेला आणि इकडे शिरपूरकडे गाय अडली, तर तिच्याकडे कोण बघणार?

पण वर्ग सकाळी अकराला ठेवला, तर त्याचा उपयोग नाही. ती दवाखान्याची वेळ. दारात जनावरं उभी असताना खिशातल्या फोनवर चाललेलं व्याख्यान कोण ऐकेल? वर्ग रात्री आठनंतर घ्या, त्याचं चित्रीकरण ठेवा आणि तो वेळ कामाचा म्हणून मोजा. भाषा मराठी असू द्या. डॉक्टरला इंग्रजी येतं, हे मान्य. पण तेच ज्ञान त्याला उद्या सकाळी दावणीपाशी मराठीत, नाहीतर अहिराणीत सांगायचं असतं. उदाहरणंही इथलीच हवीत: साक्रीकडच्या मेंढपाळांच्या कळपातली पीपीआर, केळीपट्ट्यातल्या बैलांची लम्पी.

एक गोष्ट मात्र पडद्यावर शिकता येत नाही. बाहेर आलेलं मायांग आत बसवताना किती जोर लावायचा, अडलेल्या वासराचा पाय कुठे वळलाय, हे हातालाच कळतं. त्यासाठी प्रत्येक वर्गामागे एक दिवस तालुक्याच्या दवाखान्यात, जाणत्या डॉक्टरच्या शेजारी उभं राहून काम करायला मिळालंच पाहिजे. पशुधन पर्यवेक्षकांनाही त्यात घ्या; कित्येक गावांत जनावरापाशी पहिल्यांदा तेच पोहोचतात.

जळगाव आणि धुळ्याच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे: घटसर्प-फऱ्याच्या लसी पावसाळ्याआधी टोचायच्या असतात. पहिला वर्ग त्याच्याही आधी, मे महिन्यात घ्या.