सायकलशर्यतीत थोर कोण?

सायकलशर्यतीची गोष्ट वर्गात निघाली म्हणजे "पहिला कोण आला?" हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. परंतु टप्प्याटप्प्यांच्या शर्यतीत तो अपुरा पडतो, असे आमचे मत आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणारा 'घाटांचा राजा' ठरतो आणि पुण्यास आधी पोहोचणारा विजयी होतो. तेथे हिशेब सरळ. फ्रान्समध्ये १९०३ साली सुरू झालेली 'तूर द फ्रान्स' मात्र आज तीन आठवडे चालते. रोजच्या वेळेची बेरीज करतात, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी त्यास पिवळा सदरा मिळतो. चार दिवस पहिला आलेला गडी पाचव्या दिवशी डोंगरात मागे पडला, तर सारी कमाई बुडते.

१९३४ च्या तूरमध्ये फ्रान्सच्या संघात रने व्हिएतो नावाचा वीस वर्षांचा पोरगा होता. डोंगर चढण्यात त्याचा हात धरणारा विरळाच. पिरेनीज पर्वतात संघनायक आंतोनिन माग्ने याच्या सायकलीचे चाक निकामी झाले. व्हिएतोने आपले पुढचे चाक काढून त्यास दिले आणि स्वतः मदतीची वाट पाहत रस्त्याच्या कडेस बसून राहिला. दुसऱ्या दिवशी माग्नेवर पुन्हा तीच पाळी आली. तेव्हा पुढे गेलेला व्हिएतो उलट फिरला, आणि आपली सायकलच त्याच्या हवाली केली. माग्ने जिंकला, व्हिएतो पाचवा आला. त्याने हे सारे हसतमुखाने केले, असे मात्र मुलांस सांगू नये. त्या प्रसंगाच्या प्रसिद्ध छायाचित्रात तो रडवेला दिसतो. आम्हांस तो त्यामुळेच अधिक आवडतो.

तिगावकरांस हे नवे नाही. चिचोंड्याचा घाट चढताना जड मालगाडीस मागून रेटा देणारे जादा इंजिन आपण पाहिलेले आहे. गाडी पुढे इटारसीस जाते, रेटा देणारे माघारी फिरते. वेळापत्रकात त्याचा उल्लेख कोठेच नसतो.

आता जवळचे उदाहरण. नागपूरचे अमित समर्थ हे शिक्षणाने डॉक्टर. २०१७ साली त्यांनी अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. पुढच्याच वर्षी ते रशियात मॉस्को ते व्लादिवोस्तोक या शर्यतीत उतरले. ९,००० किलोमीटरांहून अधिक अंतर, पंधरा टप्पे! त्यांतला सर्वांत लांब टप्पा सुमारे १,४०० किलोमीटरांचा. म्हणजे तिगावहून नागपूरला सहा वेळा जाऊन यावे, तेही एकाच दमात. ती शर्यत जर्मनीच्या पिअर बिशॉफने जिंकली. समर्थ पहिले आले नाहीत, परंतु व्लादिवोस्तोकला पोहोचले. कोणी म्हणेल, यात विशेष काय? त्याने एकदा सावनेरपर्यंत तरी सायकल हाणून पाहावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खोगिरावर बसून पाहावे. पहिल्या दिवशी उत्साह असतो. दुसऱ्या दिवशी मांड्या बोलू लागतात. (आमच्या गोमंतकात पाव घेऊन येणारा पोदेर भर पावसातही पहाटेची फेरी चुकवीत नाही. त्याची बेरीज कोणी मांडलीच, तर ती मोठी भरेल. पण ते असो.)

शालेय क्रीडास्पर्धांचे निकाल छापताना पहिल्या तिघांचीच नावे देण्याची रीत आहे. आमची सूचना अशी, की सायकलशर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचे नाव वेळेसह छापावे. आणि वाटेत दुसऱ्याची उतरलेली साखळी बसवून देण्यासाठी जो थांबला असेल, त्याची तेथे गेलेली मिनिटे नावापुढे निराळी नोंदवावीत. अंकाचे एखादे पान वाढेल, इतकेच.