घरचा संगणक : पाणी आधी कागदावर फिरवा



यंदा गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटत होतो, तेव्हा आपल्यातलाच एक मुलगा जवळ आला. नुकतीच नॅशनल सर्व्हिस संपलेली. भत्त्यातून साठवलेल्या पैशांत त्याने डेस्कटॉप स्वतः जोडला होता. म्हणाला, "काका, आता वॉटर कूलिंगचा लूप स्वतः बसवायचाय. सामान घ्यायला सिम लिमला याल बरोबर?" मागून त्याची आई म्हणाली, "पाणी आणि वीज एकाच पेटीत? भाऊजी, तुम्हीच समजवा याला."

दोघांनाही मी एकच सांगितले : आधी कागद-पेन्सिल, सिम लिम स्क्वेअर नंतर. त्या कागदावर जे उतरले ते इथे देतो. घरोघरी अशी मुले आहेत, उपयोग होईल.

पहिली ओळ खोलीच्या तापमानाची. आपल्यापैकी अनेकांच्या मनात 'पाण्याने गारवा' म्हटले की नागपूरचा वाळ्याचा कूलर येतो. तिथे पाण्याची वाफ होते म्हणून हवा थंड होते. संगणकाच्या लूपमध्ये पाणी बंदिस्त असते. प्रोसेसरवरच्या ब्लॉकमधून ते उष्णता उचलते, रेडिएटरमध्ये आणून सोडते आणि पंखे ती खोलीत फेकतात. म्हणजे पाणी उष्णता संपवत नाही, फक्त वाहून नेते; आणि खोलीपेक्षा थंड ते कधीच होत नाही. थंड हवेच्या देशांतले लोक २० अंशांच्या खोलीत बसून आकडे सांगतात. आपल्याकडे दुपारी बाहेर ३१ ते ३३ अंश. त्यांच्या आकड्यांत दहा मिळवूनच हिशेब करावा.

दुसरी ओळ रेडिएटरची. त्याचा प्रोसेसर १५० वॉट आणि ग्राफिक्स कार्ड ३०० वॉट, एकूण ४५०. ढोबळ अंदाज असा, की पंखे शांतपणे फिरत असतील तर १२० मिलिमीटरचा एक खण सुमारे १०० वॉट बाहेर टाकतो आणि पाणी हवेपेक्षा दहा अंश गरम राहते. म्हणजे पाच खण : एक ३६० आणि एक २४० चा रेडिएटर. खोली ३० तर पाणी ४०. बहुतेक पंप ६० अंशांपर्यंतचे पाणी सोसतात, तेव्हा हे चालेल. पण एवढे दोन रेडिएटर आपल्या कॅबिनेटमध्ये मावतात का, हे टेप लावून आधी मोजावे.

तिसरी ओळ क्रमाची. आधी प्रोसेसर की आधी कार्ड, यावर मुले तासन्‌तास वाद घालतात. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल, तर ४५० वॉट उचलूनही ते सारे दीड अंशाने तापते. क्रमाने फारसे बिघडत नाही. जपायचे ते एवढेच, की टाकी पंपाच्या वर किंवा लगेच आधी असावी. पंप कोरडा फिरला तर खराब होतो. आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी ठेवावी. तिची किंमत पहिल्या सफाईच्या वेळी कळते.

चौथी ओळ धातूंची, आणि इथे मी स्वतः फसलो आहे. माझ्या पहिल्या लूपमध्ये ब्लॉक तांब्याचा होता आणि स्वस्त मिळाला म्हणून रेडिएटर ॲल्युमिनियमचा. काही महिन्यांत पाणी गढूळ झाले आणि ब्लॉकच्या बारीक खाचा गाळाने भरल्या. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आईने लहानपणी शिकवले होते. इथे नेमके विसरलो. तांबे, पितळ, निकेल एकत्र चालतात, ॲल्युमिनियम त्यांच्यात नको. पाणी नळाचे नको. गंज आणि शेवाळ रोखणारे तयार कूलंट घालावे आणि वर्षातून एकदा तरी बदलावे.

पाचवी ओळ आईसाठी. पाणी भरताना आणि तपासताना फक्त पंपाला वीज द्यायची, मदरबोर्डला नाही. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून चोवीस तास पंप चालवायचा. एकही कागद ओला झाला तर पुढे जायचे नाही. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेला सी-डॅकचा परम ब्रह्म हा महासंगणकही द्रवानेच थंड होतो, हे ऐकून वहिनी जराशा निवल्या.

पाणी बर्फाने किंवा चिलरने थंड करावे का, असेही त्याने विचारले. करू नये. आपल्या दमट हवेत २४ अंशांच्या आसपासच दव धरते. थंड पाण्याच्या तांब्याला जसा घाम फुटतो, तसा तो मदरबोर्डवर फुटेल.

शेवटी मी विचारले, "हे ४५० वॉट जाणार कुठे?" तो म्हणाला, "खोलीत." त्याच खोलीत त्याची धाकटी बहीण ओ लेव्हलचा अभ्यास करते. लूप कितीही देखणा झाला, तरी ती उष्णता तिच्या टेबलाशीच येणार, आणि एसी लावला तर बिलात. तो गप्प झाला. मग स्वतःच कार्डाची वीज-मर्यादा २४० वॉटवर आणून पाहिली. खेळाचा वेग थोडाच उतरला. कागदावर आता चारच खण उरले, आणि टेबल दाराजवळ हलले.

पुढच्या शनिवारी आम्ही सिम लिमला जाणार आहोत. कागद त्याच्या खिशात असेल. टिश्यू पेपरचे खोके मात्र वहिनींनी आधीच आणून ठेवले आहे.