सहाव्या वर्षी जन्मणारं मूल

आपल्या कायद्याच्या लेखी मूल सहाव्या वर्षी जन्मतं. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळेचा हक्क देतो. तीन ते सहाच्या लेकरांसाठी अकरावं कलम सोय करण्याची मुभा सरकारला देतं, मुलाला हक्क देत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार एकवीसवर नेले, पण मोफत शिक्षणाचा हक्क तिथेही सहाव्या वर्षापासूनच. घटनेच्या ४५व्या कलमात या लहानग्यांचा उल्लेख आहे, तोही राज्य प्रयत्न करील एवढ्या बोलीवर. आणि २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधीच होते. घर उभं राहिल्यावर गवंडी धाडण्याचा हा कारभार आहे.

कायदा काही आभाळातून पडत नाही. आपण जेवढं मागितलं तेवढं पदरात पडलं. ज्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोचतो, त्यांनी प्लेग्रुपची फी भरून आपापल्या लेकरांची सोय लावली आणि बाकीच्यांच्या लेकरांसाठी मागायचं सोडून दिलं. ही पळवाट काढणारे आपणच.

ज्या अंगणवाडीकडे आपण नाक मुरडतो, तिचा जन्म याच पळवाटेविरुद्ध झाला होता. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं, १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पण हे नवं शिक्षण पांढरपेशांच्या घरापुरतंच फिरतंय हे त्यांना टोचत राहिलं. १९४५मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. मुलं शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळा मुलांच्या अंगणात नेली. न्हाऊमाखू घातलं, नखं कापली, बिया-खडे-पानं हाती देऊन मोजायला शिकवलं. पुढे कोसबाडच्या वारली मुलांसाठी, गुरं राखायला गेलेली मुलं जिथे असतील तिथे, कुरणशाळा भरली. मूल येत नसेल तर चूक शाळेची, एवढं साधं त्यांचं गणित होतं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशभरातल्या तेहतीस प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला. आज तो उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे खिचडी येते आणि वजनकाटा येतो. भुकेल्या पोटाला खिचडी हवीच, तिची टिंगल करणाऱ्याने एक दिवस उपाशी राहून पाहावं. पण मणी, ठोकळे, गोष्टी, गाणी कुठे गेली? ती फीच्या पावतीसोबत आपल्या मुलांच्या वर्गात गेली. अंगणातून निघालेलं शिक्षण पुन्हा बंगल्यात नेऊन ठेवलं, आणि आपल्याला त्याची लाजही वाटली नाही.

याची सगळ्यात मोठी किंमत मोजतं ते वेगळं मूल. तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही. घरचे म्हणतात, याचा बापही उशिराच बोलला. शेजारीण ताईत सुचवते. ओठ फाटलेला असेल तर आईने ग्रहणात विळी हातात धरली असणार, हा निकाल पंचायत न बसवताच लागतो. मग मुलाला पाहुण्यांपुढे आणणं बंद होतं, कारण थोरल्या बहिणीचं लग्न ठरायचं असतं. ज्या बाळाचं वाकडं पाऊल पहिल्या काही आठवड्यांत प्लास्टर सुरू केलं तर सरळ होऊ शकतं, ते लंगडत शाळेत जातं. ज्याला वेळेवर श्रवणयंत्र मिळालं असतं, त्याला आपण मुका ठरवतो. अपंगत्व त्याला निसर्गाने दिलं असेल, उशीर मात्र आपण दिला.

सरकारकडे यावर काहीच नाही असं नव्हे. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासावीत, शंका आली की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावं, अशी ती साखळी. आखणी उत्तम आहे. पण धडगाव किंवा धारणीच्या पाड्यावरून जिल्ह्याच्या गावी जाणं म्हणजे एसटी, दोघांचं तिकीट आणि बुडालेला रोज. वाचा-उपचार एका फेरीत संपत नाहीत, आठवड्यामागून आठवडे जावं लागतं. जी आई चौथ्या फेरीला येत नाही, तिला आपण अडाणी म्हणतो. तिची बुडालेली मजुरी कोण भरून देणार, हे कुणी विचारत नाही.

आणि ही सारी साखळी जिच्या खांद्यावर, ती अंगणवाडीताई? तिने शिकवायचं, शिजवून घ्यायचं, वजनं घ्यायची, गरोदर बायकांच्या घरी जायचं, वर पोषण ट्रॅकर ॲपमध्ये नोंदी भरायच्या. त्याबद्दल तिला पगार नाही, मानधन. मान कोणता आणि धन किती, हे तिलाच विचारा. तिच्या निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी लागू होते हे ठरायला एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. डिसेंबर २०२३मध्ये राज्यभरच्या ताया संपावर गेल्या, आठवडे उलटले. शहरातल्या किती घरांना त्याची झळ लागली? आपलं मूल तिथे नव्हतंच. जिथे आपलं मूल नसतं, तिथलं कुलूप आपल्याला दिसत नाही.

म्हणून मागणी दोन टोकांना हवी. वरच्या टोकाला, तिसऱ्या वर्षापासून शिक्षणाचा आणि जन्मापासून उपचाराचा हक्क, तोही तालुक्याच्या गावी मिळणारा. खालच्या टोकाला आपलं घर. आपली मुलं त्याच अंगणात बसायला लागली, तर फुटक्या पत्र्याची तक्रार एका दिवसात वर पोचेल.

ते जमत नसेल तर एवढं तरी करून बघा. शहरांत कितीतरी अंगणवाड्या भाड्याच्या खोल्यांत भरतात. उद्या एखादी ताई तुमच्या गल्लीत खोली विचारत येईल. गलका होईल, कसली कसली मुलं येतील, असलं काहीतरी तुमच्या ओठांवर येईल. ते बोलण्याआधी क्षणभर थांबा. त्या दारात तिच्यामागे बोट धरून उभं असलेलं पोर अजून सहा वर्षांचं झालेलं नाही. कायद्याला ते दिसत नाही. तुम्हाला दिसतंय.