व्यभिचारी म्हणजे गौण नव्हे

गेल्या अंकातील पत्रलेखकाने रसशास्त्रातील व्यभिचारी भावांना ‘क्षणिक, म्हणून गौण’ म्हटले. हे मला मुळीच पटत नाही. रसाकडे नाना वाटांनी नेणारे ते व्यभिचारी. नाव ‘व्यभिचारी’ असले तरी नीती-अनीतीचा इथे संबंधच नाही. नाट्यशास्त्रकार भरताच्या 49 भावांत तब्बल 33 हेच आहेत. त्यांतल्या निर्वेदाला (विरक्तीला) तर काव्यशास्त्रकार मम्मटाने शांतरसाचा स्थायी भाव मानले.

परवा रायापूरच्या थांब्यावर एक आई मुलाला ‘चिगरी’ नावाच्या जलद बसमध्ये बसवत होती. नोकरी लागल्याचा हर्ष. ‘डबा घेतलास ना?’ ही चिंता. बस सुटताच पदराने चष्मा पुसायचे निमित्त. भाव लपवण्याच्या या धडपडीलाही शास्त्राने ‘अवहित्था’ असे नाव दिले आहे! हे क्षणिक भाव वगळून नुसते वात्सल्य कोणता कवी दाखवील?

– एक वाचक, रायापूर (धारवाड)