रंगीत अहवालाखालची वाळू

किनारपट्टीवर गोदाम किंवा कारखान्याची शेड बांधू पाहणारे आमचे व्यापारी बांधव हल्ली जमिनीचा अहवाल अभिमानाने दाखवतात. संगणकावर काढलेली रंगीत चित्रे, दोन-तीन आकडे आणि शेवटी पायाची खोली. पाया कमी झाला, पैसे वाचले, असे ते सांगतात. बोअर मारताना आपण जागेवर होतात काय, असे आम्ही विचारले की बहुतेक जण गप्प होतात.

वाळूचा अखंड नमुना चिकणमातीसारखा सहज वर काढता येत नाही; दाणे विस्कटतात. म्हणून तिची ताकद जागेवरच अजमावतात. बोअरमध्ये 63.5 किलोचा घण 75 सेंटिमीटरवरून सोडायचा. पहिले 15 सेंटिमीटर हिशेबात न धरता पुढचे 30 सेंटिमीटर नळी उतरायला किती ठोके लागले ते मोजायचे. दुसरी रीत म्हणजे पोलादी शंकू संथपणे जमिनीत दाबत नेऊन विरोध मोजण्याची. पण ठोके म्हणजे ताकद नव्हे, ती त्यावरून काढावी लागते. येथे संगणक कामाला येतो. तो वाळूचे गुण गृहीत धरतो, तोच शंकू हिशेबात दाबून पाहतो आणि जागेवरच्या आकड्याशी मेळ बसेपर्यंत गुण बदलत राहतो.

ही युक्ती आम्हास मान्य आहे. परंतु एकाच आकड्याशी दोन उत्तरे जुळू शकतात. वाळू खरोखर घट्ट असेल, किंवा सैल असूनही आजूबाजूने जास्त दाबली गेलेली असेल. शिंपल्यांच्या वाळूची गोष्ट तर आणखी निराळी. तिचे दाणेच चुरतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात नॉर्थ रँकिन येथे 1980च्या दशकात वायूचा फलाट उभारताना अशाच वाळूत खांब अपेक्षेपेक्षा फारच सहज खाली गेले, आणि पुढे मोठ्या खर्चाने पाया बळकट करावा लागला. तेथे तर नावाजलेले इंजिनियर होते! आपल्या कोकणच्या पुळणीतही शिंपल्यांचा चुरा कमी नाही.

आणि मूळ आकडाच खोटा असेल तर? दोर कप्पीवर अडकत घण मोकळा पडला नाही, तर ठोके वाढतात आणि सैल वाळू कागदावर पक्की दिसते. उलट बोअरमधले पाणी बाहेरच्या पातळीखाली गेले, तर तळाची वाळू उसळून सैल होते, ठोके घटतात आणि मालकाच्या माथी विनाकारण खोल पाया येतो. रोजमेळ चुकला तर ताळेबंद कितीही सुबक छापला तरी काय उपयोग, हे आपल्या गल्ल्यावरच्या पोरालाही कळते.

तेव्हा अहवालासोबत बोअरवाल्याची ठोक्यांची मूळ वही मागून घ्यावी. संगणकात वाळूचे कोणते गुण धरले, ते कशावरून, हे इंजिनियरसाहेबांना बेलाशक विचारावे. आणि बोअरच्या दिवशी दुकान भावाकडे सोपवून स्वतः जागेवर हजर राहावे.