सायनसचा सीटी स्कॅन : घाई कुठे नको, उशीर कुठे नको

सर्दी आठवडाभर रेंगाळली, कपाळ जड झाले, की हल्ली अनेक जण सायनसचा सीटी स्कॅन करून मोकळे होतात. ‘सायनसचे अस्तर जाड झाले आहे’ असे अहवालात वाचले की धास्ती बसते. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात अनेकांचे डोळे, जबडे हिरावले. ती भीती अजून पुरती गेलेली नाही. म्हणूनच हा स्कॅन काय सांगतो, हे नीट समजून घ्यायला हवे.

सायनस म्हणजे कपाळ, गाल आणि नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या. साध्या सर्दीतही त्यांचे अस्तर सुजते. अमेरिकेत १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुकतीच सर्दी झालेल्या ३१ प्रौढांचा स्कॅन केला गेला. त्यापैकी २७ जणांच्या गालामागच्या सायनसमध्ये दोष दिसला. पुढे १४ जणांचा पुन्हा स्कॅन केला, तेव्हा ११ जणांमधला दोष प्रतिजैविकांशिवायच नाहीसा किंवा बराच कमी झाला होता. स्कॅनमध्ये सूज दिसते. ती विषाणूमुळे आहे की जिवाणूमुळे, हे त्यातून कळत नाही. सर्दी दहा दिवसांनंतरही उतरली नाही किंवा बरी होता होता पुन्हा वाढली, तर जिवाणूसंसर्गाची शंका घेतात. हे निदान लक्षणांवरूनच होते.

डोकेदुखीचेही तसेच. ‘मला सायनसची डोकेदुखी आहे’ असे सांगणाऱ्या २,९९१ जणांच्या तपासणीत ८८ टक्के लोकांना प्रत्यक्षात मायग्रेनसारखा त्रास असल्याचे २००४ मध्ये आढळले होते.

मग स्कॅन हवा कधी? त्रास बारा आठवड्यांहून अधिक टिकला आणि औषधांनी उतरला नाही, तर. त्रास एकाच बाजूला असेल तरी. कारण त्यामागे वरच्या दाढेचा संसर्ग, बुरशीचा गोळा, क्वचित गाठही असू शकते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपूर्वी तर तो हवाच. सायनस आणि डोळा यांच्यामध्ये कागदाइतके पातळ हाड असते, तर वरच्या हाडापलीकडे मेंदू. स्कॅन हा शल्यचिकित्सकाचा नकाशा असतो.

डोळ्याभोवती सूज, एकाची दोन दृश्ये दिसणे, तीव्र डोकेदुखीसह ताप आणि मान आखडणे, मधुमेही रुग्णाचा गाल बधिर होणे किंवा नाकातून काळपट स्राव येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. म्युकरमायकोसिसमध्ये सुरुवातीला सीटीत केवळ अस्तराची सूज दिसू शकते. त्यामुळे एवढ्याशा अहवालावर निर्धास्त राहू नये. नाकाची दुर्बिणीने तपासणी आणि ऊतीचा तुकडा तपासणे गरजेचे ठरते. डोळा व मेंदूपर्यंतचा प्रसार एमआरआयमध्ये अधिक स्पष्ट दिसतो.

सायनसच्या स्कॅनमधून मिळणारा किरणोत्सर्ग सहसा एक मिलिसिव्हर्टपेक्षा कमी असतो. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतोच. एका स्कॅनला घाबरण्याचे कारण नाही. पण विनाकारण, विशेषतः मुलांचे, वारंवार स्कॅन टाळावेत. चिठ्ठी हातात पडली की डॉक्टरांना एकच विचारा : या स्कॅनमुळे माझे उपचार बदलणार आहेत का?