परसातले उत्तरायण

सूर्य मकर राशीत पाऊल टाकतो तेव्हा कुंभकोणमच्या शार्ङ्गपाणी मंदिरात एक दार मिटते आणि एक उघडते. दक्षिणायनाची वाट सहा महिन्यांपुरती बंद होते, उत्तरायणाची मोकळी होते आणि भाविकांची पावले नव्या वाटेने गाभाऱ्याकडे वळतात. काळालाही दार असावे आणि ते ठरल्या दिवशी उघडावे, ही कल्पना मोठी आश्वासक आहे. आपण मात्र आज घराच्या मागच्या दाराने बाहेर पडू. सणाची तयारी महिनोन्‌महिने चाललेली असते ती तिथे.

कावेरी आणि अरसलार यांच्या कुशीतल्या या गावाशी आपले नाते जुने. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास उभे केलेले तंजावरचे राज्य १८५५मध्ये बुडाले. मराठी बोलणारी घरे मात्र त्या मुलखात राहिली. तिथल्या जुन्या घरांना पुढे ‘तिण्णै’ म्हणजे ओटा आणि मागे ‘कोल्लै’ म्हणजे आपले परसू. मार्गळी महिनाभर दारच्या रांगोळीत शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचे पिवळे फूल खोचलेले दिसते. पोंगलच्या सकाळी पातेल्याच्या गळ्याभोवती हळदीची अख्खी रोपे बांधतात: वर हिरवी लांबट पाने, खाली माती झटकलेले ओले कंद. दूध उतू जाते, वाफेने पाने मऊ पडतात आणि अंगणभर हळदीचा ओला वास पसरतो. दुसऱ्या दिवशी त्याच पानांवर रंगीत भाताचे मुटके कावळ्या-चिमण्यांसाठी मांडून बहिणी भावांचे कुशल मागतात.

पश्चिमेकडच्या कोंगू मुलखात भोगीला कडुनिंबाचे डहाळे, तरवडाची पिवळी फुले आणि कापूरमाधुरीचे पांढरे तुरे यांची जुडी करून दाराशी खोचतात. आपले सुगड तरी वेगळे काय? उसाचे करवे, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या लोंब्या. शिवाराने आपल्या हाती दिलेला हा गुच्छच. त्याला फक्त फुलांचा हट्ट नाही.

आताशा सणाला आपण एकमेकांना जरबेराचे गुच्छ देतो, चकचकीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. तिसऱ्या दिवशी फुले माना टाकतात आणि प्लॅस्टिक तेवढे उरते. परक्या फुलांशी आपले वैर नाही. ज्याच्यावाचून आपला दसरा होत नाही तो झेंडूही मूळचा मेक्सिकोकडचा. पाहुण्याचे स्वागत जरूर करावे, पण म्हणून घरच्या माणसाचे पान उचलू नये. तरवड माळावर, खडकाळ जमिनीत, कुणी पाणी न घालता फुलतो. त्याला आपल्या कुंपणात जागा देणे एवढेच आपल्याला करायचे आहे.

परसातून खुडलेल्या जुडीला विकतच्या गुच्छाहून एक गोष्ट अधिक लागते, ती म्हणजे आठवण. पोंगलला हळद हवी तर कंद आषाढाच्या आगेमागे मातीत जावा लागतो. म्हणजे देवळातले दक्षिणायनाचे दार उघडते त्या सुमारास. सहा महिने जो मातीला विसरला नाही, त्याच्याच हाती संक्रांतीला पान येते. आणि खुडतानाही मर्यादा असतेच. चार डहाळ्या घ्याव्यात, चार मधमाश्यांना ठेवाव्यात. माळावरचे झुडूप ओरबाडून घरची शोभा वाढत नाही.

यंदा संक्रांतीच्या बाजारातून ओली हळद आणू, तेव्हा त्यातले एक जाड, डोळे असलेले कांडे बाजूला काढू. सावलीत, कोरड्या वाळूत ते जपून ठेवू आणि पहिल्या पावसाला अंगणात, नाहीतर गॅलरीतल्या कुंडीत लावू. पुढच्या संक्रांतीची जुडी तिथूनच खुडायची आहे.